कानातली शिट्टी आणि ‘सवय करून घ्या’ हे अर्धवट उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४. गेले सात महिने दोन्ही कानांत चोवीस तास बारीक, धारदार शिट्टी, डावीकडे जरा जास्त. तीन डॉक्टर झाले. एकाने झोपेच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने व्हिटॅमिनं, तिसऱ्याने ‘याला इलाज नाही, सवय करून घ्या’ म्हणून परत पाठवलं. रात्री सलग दोन-तीन तासांपलीकडे झोप नाही, घरच्यांवर चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. ‘हा आवाज कधी थांबेल का? आणि नाही थांबला तर मला वेड लागेल का?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण रात्री तीन वाजता तोच छळत असणार. वेड लागणार नाही. कानात शिट्टी, गुणगुण किंवा रातकिड्यांसारखा आवाज येणं वेगळं, आणि कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं ऐकू येणं वेगळं. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. टिनिटसने, म्हणजे कानातल्या अशा आवाजाने, मेंदू बिघडत नाही. झोप बिघडते, आणि सात महिने धड न झोपलेला कुठलाही माणूस चिडका, विसराळू आणि हळवा होतो. तुम्हाला स्वतःत जो बदल दिसतोय त्यातला बराचसा या जागरणांचा आहे.

आवाज थांबेल का? सात महिन्यांनंतर तो पूर्ण नाहीसा होईलच असं मी म्हणणार नाही. ‘शंभर टक्के बंद करून देतो’ असं जो म्हणेल त्याच्याकडे पैसे आणि आशा दोन्ही अडकवू नका. मात्र आवाज असूनही रात्री झोप लागते, कामात डोकं चालतं, दिवसातले कित्येक तास त्याची आठवणही येत नाही, या ठिकाणापर्यंत पोचता येतं. अगदी तुमच्यासारख्या अवस्थेत आलेली माणसं तिथपर्यंत पोचलेली मी पाहिली आहेत. काहींना सहा महिने लागतात, काहींना दीड वर्ष. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे, या कामाला वीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीच्या काळात मीही रुग्णांना ‘होईल सवय’ म्हणून घरी पाठवलं आहे, आणि त्याचं आजही वाईट वाटतं. वाक्य खोटं नव्हतं. पण सवय कशी होते, कशाने अडते आणि त्यासाठी काय करायचं, हे मी सांगितलंच नव्हतं.

आता तपासणीचं. ‘डावीकडे जरा जास्त’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथेच थांबले. तीन डॉक्टर होऊनही ऑडिओग्रामचा, म्हणजे कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं त्या चाचणीच्या आलेखाचा, कुठे उल्लेख नाही. तो झाला नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान आतून बघून घ्या (साध्या मळाच्या गोळ्यानेही आवाज येतो) आणि ऑडिओग्राम काढा. दोन कानांच्या ऐकण्यात ठळक फरक निघाला, किंवा आवाज एकाच कानात असला, तर एमआरआय सांगितला जातो. श्रवण आणि तोलाच्या नसेवर क्वचित एक गाठ येते, ती नाही ना हे बघण्यासाठी. ही गाठ कर्करोगाची नसते, बहुधा सावकाश वाढते, आणि बहुतेकांच्या एमआरआयमध्ये काहीही निघत नाही. तरी ती शंका निघून गेलेली बरी. ‘आत काहीतरी भयंकर चाललंय’ ही धास्ती मनात असेपर्यंत पुढचा कुठलाही उपचार नीट लागू पडत नाही.

काही गोष्टींत वाट बघायची नाही. एका कानाचं ऐकू येणं अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कमी झालं, तर ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो, आणि ‘सर्दीने कान बंद झाला असेल’ म्हणत लोक नेमके तेच दिवस घालवतात. कानातला आवाज नाडीच्या ठेक्यावर धक-धक असा येत असेल तर (मनगटावर बोट ठेवून पडताळता येतं) त्याची तपासणी निराळी असते, कारण मूळ रक्तवाहिन्यांत, डोक्यातल्या दाबात, रक्तक्षयात किंवा थायरॉइडमध्ये असू शकतं आणि त्यातल्या बऱ्याच कारणांवर थेट उपचार आहे. सोबत गरगरणं, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, हातापायांत कमजोरी असेल तरीही थांबू नका. आणि चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवा. मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन, मलेरियावरचं क्विनीन, जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविकं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, लघवीवाटे पाणी काढणारी काही औषधं यांनी कानात आवाज येऊ शकतो. ॲस्पिरिनचा आवाज मात्रा कमी केली की सहसा जातो. पण स्वतःच्या मनाने कुठलंही औषध बंद करायचं नाही.

समजा हे सगळं झालं आणि गंभीर काही निघालं नाही. तरीही आवाज आहेच. मग तो येतो कुठून?

आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या वळणदार नळीत, सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या कंपनांचं विजेच्या संदेशात रूपांतर करणं हे त्यांचं काम. वयाने, मोठ्या आवाजाने किंवा औषधाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. सहसा उंच पट्टीच्या आवाजांकडच्या आधी जातात. आता मेंदूच्या बाजूने बघा. एका पट्टीतून येणारे संदेश कमी झाले, तर तो त्या पट्टीचा आवाज आपल्या बाजूने वाढवतो. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण बटण पिळत जातो आणि मग खरखर मोठी होते, तसं. ती खरखर म्हणजे तुमची शिट्टी. म्हणून कानाची नस कापावी लागलेल्या कित्येक रुग्णांचाही आवाज गेलेला नाही. तो तोवर वर, मेंदूत वस्तीला आलेला असतो.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकू व्यवस्थित येणाऱ्या ८० जणांना एका ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटं बसवलं. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना काही ना काही आवाज ऐकू आले, जे खोलीत नव्हतेच. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८ निरोगी स्वयंसेवकांनी सात दिवस एका कानात बोळा घालून ठेवला. १४ जणांच्या कानात आवाज सुरू झाला, आणि बोळा काढल्यावर तो गेला. हा प्रयोग मी प्रत्येक रुग्णाला सांगते, कारण आवाजाला घाबरून घरात दिवसभर कानात कापूस घालून बसणारे मला दर आठवड्याला भेटतात. त्यांना वाटतं कानाला आराम देतोय. मेंदू मात्र आणखी बटण पिळत असतो.

ऑडिओग्राम नॉर्मल आला तर ‘कान ठीक आहे, सगळं मनाचं आहे’ असं कुणी म्हणेल. ते मनावर घेऊ नका. नेहमीची चाचणी ८००० हर्ट्झपर्यंतच मोजते (हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका सूर बारीक), तरुण कान २०,००० पर्यंत ऐकतो. त्या मधल्या भागात काय झालंय हे त्या कागदावर दिसतच नाही.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एका रुग्णाच्या निमित्ताने सांगते. एक शिक्षक, पन्नाशीचे, पत्नीला घेऊन आले होते. म्हणाले, विमानाच्या इंजिनाशेजारी उभं असल्यासारखं वाटतं. त्यांना बूथमध्ये बसवलं, हेडफोन लावला आणि एकेक सूर देत गेले. ‘हा? की याहून बारीक?’ ६००० हर्ट्झवर त्यांनी झटकन हात वर केला. ‘हाच. हाच तो.’ मग त्या सुराचा आवाज त्यांच्या कानातल्या आवाजाइतका होईपर्यंत एकेक पायरी वाढवला. त्यांना त्या पट्टीत जेमतेम ऐकू येऊ लागतं त्याच्या फक्त आठ डेसिबल वर जुळला. बाजूला झाडाचं पान हललं तर जेवढं जाणवेल तेवढा. त्यांच्या पत्नीला मी तोच सूर तेवढ्याच बेताचा ऐकवला. तिने हेडफोन काढून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘हे तुम्हाला रात्रंदिवस ऐकू येतं?’ सर तिथेच रडले. दीड वर्षात पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी तो आवाज ऐकला होता.

आठ डेसिबल म्हणजे त्यांचा त्रास खोटा होता असं मुळीच नाही. मोजून बघितलं की बहुतेकांचा आवाज असाच, त्यांच्या ऐकण्याच्या उंबरठ्याच्या थोडासाच वर निघतो. ज्याला तो आठवतही नाही त्याचाही, आणि ज्याची नोकरी सुटायची वेळ आली आहे त्याचाही. त्रासाचं माप आवाजाच्या मापाशी जुळत नाही. फरक पडतो तो मेंदू त्या आवाजावर कोणती खूण लावतो त्याने. घरातल्या फ्रिजची घरघर तुम्हाला ऐकू येत नाही, कारण मेंदूने ती ‘बिनमहत्त्वाची’ म्हणून वगळलेली असते. तुमच्या शिट्टीवर पहिल्याच आठवड्यात ‘धोका’ अशी खूण लागली. धोक्याकडे मेंदू दुर्लक्ष करत नाही. तो छाती धडधडवतो, झोप उडवतो, पुन्हा पुन्हा तपासायला लावतो. तपासलं की आवाज सापडतो, सापडला की भीती वाढते. १९९० मध्ये यास्त्रेबोफ या शास्त्रज्ञांनी हे चक्र मांडलं, आणि तेव्हापासून उपचाराचा रोख आवाजावरून या खुणेवर आला. खूण पुसली गेली की कान-मेंदू तो आवाज हळूहळू मागे टाकतात. सवय म्हणतात ती हीच, आणि ती तुमच्या मनाच्या ताकदीवर अवलंबून नाही. ‘मी खंबीर नाही म्हणून मला जमत नाही’ असं कृपा करून म्हणू नका.

त्रास मोजण्यासाठी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी. शून्य ते शंभर गुण. ५८ पासून तीव्र, ७८ पासून अतितीव्र. तुमच्या वर्णनावरून तुम्ही तीव्र गटात याल असं वाटतं. ती आज भरा आणि तीन महिन्यांनी पुन्हा भरा. रोजच्या चढउतारात सुधारणा लक्षात येत नाही, आकड्यात येते.

उपचारांत पहिली गोष्ट: ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र. थोडंसंच कमी असलं तरी. अनेकजण ‘मला ऐकू येतं, आवाजाचं काय ते बघा’ म्हणून नाकारतात. पण ज्या पट्टीतले संदेश कमी पडल्यामुळे मेंदूने बटण पिळलं, त्याच पट्टीतला खरा आवाज यंत्र परत आणून देतं. शिवाय समोरच्याचं बोलणं पकडण्यासाठी जो ताण पडतो तो उतरतो, आणि संध्याकाळचा थकवा कमी होतो. यंत्र नीट बसवून घ्यायला दोन-तीन फेऱ्या लागतात. पहिल्या आठवड्यात कपाटात टाकू नका. दोन्ही कानांनी जवळजवळ बहिऱ्या झालेल्या ज्यांना कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं श्रवण-उपकरण) केलं जातं, त्यांतल्या अनेकांचा टिनिटसही कमी होतो.

दुसरी गोष्ट, शांतता टाळायची. पूर्ण शांत खोली तुमच्यासाठी सध्या सर्वांत वाईट जागा आहे. पावसाचा, वाहत्या पाण्याचा, पंख्याचा, असा एकसुरी आणि भावना न जागवणारा आवाज बारीक सुरू ठेवा. इथे चूक होते ती प्रमाणाची. लोक शिट्टी पूर्ण बुडेपर्यंत आवाज वाढवतात. त्याने तात्पुरतं बरं वाटतं, पण जो आवाज ऐकूच येत नाही त्याची सवय मेंदूला कशी होणार? माझ्याकडे आलेल्याला मी त्याच्याच फोनवर करून दाखवते: शून्यापासून हळूहळू वाढवायचं, पाऊस आणि शिट्टी एकमेकांत मिसळू लागल्यासारखी वाटली की तिथे थांबायचं आणि एक पायरी खाली यायचं. शिट्टी ऐकू येते, पण एकटी उरत नाही. रात्रभर तसाच राहू द्यायचा. टायमर लावून मध्ये बंद केला तर नेमकी तेव्हाच जाग येते.

तिसरी गोष्ट, आणि जिच्या मागे सर्वांत भक्कम पुरावा आहे, ती म्हणजे सीबीटी, विचार आणि वर्तनावर काम करणारी मानसोपचार पद्धत. २०२० मध्ये २८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात टिनिटसचा आयुष्यावरचा परिणाम सीबीटीने कमी होतो असं दिसलं. ‘मानसोपचार’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला वाटतं मी म्हणतेय की आवाज खोटा आहे. आवाज खरा आहे. भीतीची खूण जिथे लागते तिथे हात घालायचा तर हाच रस्ता आहे. ‘हा आता कधीच थांबणार नाही, माझं आयुष्य संपलं’ हा विचार रात्री आला की त्याला पकडायचं कसं, टाळलेल्या गोष्टी (लग्नसमारंभ, मित्रांच्या बैठका, शांतपणे पुस्तक वाचणं) पुन्हा कशा सुरू करायच्या, हे आठवड्याला एक बैठक अशा पद्धतीने काही आठवडे शिकवलं जातं. टिनिटसच्या रुग्णांबरोबर काम केलेला मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तर ऑनलाइनही करता येतं; तशा स्वरूपातही उपयोग झालेला दिसला आहे.

झोपेसाठी वेगळं लिहिते, कारण तुमच्या बाबतीत मी तिथूनच सुरुवात केली असती. उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कितीही वाईट गेली तरी. दुपारची झोप महिनाभर बंद. झोप येत नसताना पलंगावर पडून शिट्टी ऐकत राहू नका. वीसेक मिनिटं झाल्यासारखं वाटलं (घड्याळ बघायचं नाही) की उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी साधं करा आणि डोळे जड झाले की परत या. पहिले दहा-बारा दिवस फार कठीण जातात. मेंदूने पलंगाची सांगड जागरणाशी घातलेली असते, ती सोडवायला तेवढा वेळ लागतोच.

झोपेच्या गोळ्यांबद्दल: तुम्हाला दिलेली गोळी बेन्झोडायझेपाइन गटातली असेल तर ती काही आठवड्यांतच अंगवळणी पडते, आणि एकदम सोडली तर झोप आणि टिनिटस दोन्ही उसळतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने. टिनिटस बरा करणारं म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध आज नाही. सोबत नैराश्य किंवा चिंतेचा आजार असेल तर त्याचं औषध जरूर घ्यावं. तो आजार आटोक्यात आला की टिनिटस सोसणंही सोपं होतं. जिंको (एक वनस्पतीजन्य पूरक), झिंक, मेलाटोनिन यांची टिनिटससाठी शिफारस करू नये असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. तुमची व्हिटॅमिनं रक्ततपासणीत कमतरता निघाली म्हणून दिली असतील तर घ्या, कानासाठी म्हणून नको. जिभेला सौम्य विजेचे झटके आणि कानात सूर असं एकत्र देणारं एक उपकरण, लेनायर, त्याला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०२३ मध्ये परवानगी दिली. काहींना फायदा होतो, पण ते महाग आहे आणि श्रवणयंत्र, सीबीटी हे करून न बघता थेट तिथे उडी मारू नये असं माझं मत आहे.

जबडा घट्ट आवळला किंवा मान वळवली की तुमचा आवाज बदलतो का, तेही करून बघा. बदलत असेल तर रात्री दात खाणं, मानेचे आखडलेले स्नायू यांचा त्यात वाटा असू शकतो. मग दंतवैद्य किंवा फिजिओथेरपिस्टची मदत होते. माझा अनुभव असा की हे विचारायचं बऱ्याचदा राहून जातं.

मोठ्या आवाजापासून कान मात्र जपाच. ८५ डेसिबलला रोज आठ तास ही मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ड्रिल मशीन, फटाके, स्पीकरची भिंत अशा ठिकाणी बोळे घाला. रस्ता, ऑफिस, घर इथे काढा. भांड्यांचा साधा आवाजही कानात टोचत असेल तर तसं डॉक्टरांना सांगा. ती वेगळी तक्रार आहे आणि तिचं काम अधिक सावकाश करावं लागतं.

एक गोष्ट आडवळणाने न विचारता सरळ विचारते. इतक्या जागरणांनंतर ‘यापेक्षा नसलेलं बरं’ असा विचार मनात येतो का? तीव्र टिनिटसमध्ये तो अनेकांना येतो आणि लाजेने कुणी बोलत नाही. येत असेल तर आजच, हे वाचून झाल्यावर, घरातल्या एका माणसाला शब्दांत सांगा आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव द्यायचं मनात पक्कं होत असेल तर एकटे राहू नका, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. ही अवस्था उपचाराने उतरते, आणि टिनिटस तेवढाच असतानाही उतरते.

घरच्यांसाठी एवढंच: ‘आज आवाज कसा आहे?’ हे रोज विचारू नका. प्रेमानेच विचारलं जातं, पण त्या क्षणी तो माणूस आत वळून आवाज शोधतो, आणि तो सापडतोच. ‘आज झोप कशी लागली, बाहेर जाऊन येऊ या का’ हे विचारा. आणि तुम्ही स्वतः सकाळी डोळे उघडताच शिट्टी आहे का हे चाचपायचं सोडून उठून पाणी प्यायला जा. सुरुवातीला तिथेही ती सोबत येईल. येऊ द्या.

मध्ये वाईट आठवडे येतील. सर्दी, ताण, अपुरी झोप, लांबचा प्रवास यांनी आवाज उसळतो. लोक तेव्हा घाबरून सगळं सोडून देतात आणि नवा डॉक्टर शोधतात. तेव्हा काहीही बदलू नका. पावसाचा आवाज, उठायची वेळ, श्रवणयंत्र, सगळं जसंच्या तसं चालू ठेवा. उसळलेला आवाज बहुधा काही दिवसांत मूळ पातळीला येतो.

पुढच्या भेटीला जाताना जुने ऑडिओग्राम असतील तर ते, चालू गोळ्यांची यादी आणि भरलेली प्रश्नावली सोबत न्या. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: डाव्या-उजव्या कानात फरक आहे का आणि त्यासाठी एमआरआय लागेल का, आणि सीबीटीसाठी मला कुणाकडे पाठवाल? दुसऱ्या प्रश्नाला पुन्हा ‘सवय करून घ्या’ हेच उत्तर आलं, तर चौथ्या डॉक्टरकडे जायला संकोच करू नका.